छोटी चरवी

"सासरे स्वतः चरवीला धुरी द्यायला बसले, की समजायचं, गुरं घेऊन लांब निघालेत," सासूने तिला लग्नानंतरच्या पहिल्याच दुष्काळात बजावलं होतं. "तुला त्यांच्याशी बोलता यायचं नाही, विचारता यायचं नाही. आपल्यात सुनेचं तोंड बंदच. मग डोळे तरी उघडे ठेव. कुठली भांडी काढलीत, तेवढं बघत जा."

"मावे, याची परीक्षा कधी असते?" निन्सीमा सासूला हसून म्हणाली होती. म्बराऱ्याच्या कॉलेजातली पदवी तेव्हा ताजी होती.

आज पर्यटकांच्या कॅम्पच्या गवती छपराखाली तिने पाहुण्यांसमोर उद्यानाचा नकाशा पसरला. वाऱ्याने तो उडू नये म्हणून कोपऱ्यांवर ती गोटे ठेवत होती आणि सकाळचा धूर अजून तिच्या नाकातून गेला नव्हता. कामावर निघताना तिने पाहिलं होतं. सासरे गोठ्यामागे उकिडवे बसले होते, जळत्या गवतावर लाकडी चरवी पालथी धरून. दूध टिकावं म्हणून भांड्यांना अशी धुरी देणं हे एरवी बायकांचं काम. पण सासू शेजारच्या गावी मागणीच्या समारंभाला जायची होती, नातीला, आशाबाला, बरोबर नेणार होती. नवरा दुधाचा टँकर घेऊन कंपालाला गेलेला. घरात कोणी नाही, म्हणजे म्हातारा आज गुरं उद्यानात घालणार. दरीतल्या जुन्या विहिरीवर. त्याच पाण्यावर माझ्या बापाची गुरं वाढली, मधे हे उद्यान कोणी आणून ठेवलं, असं तो ज्याला त्याला ऐकवायचा. मागच्या खेपेला रक्षकांनी ताकीद देऊन सोडलं होतं. या खेपेला सापडला तर लांब शिंगांचा तो सगळा कळप जप्त होणार आणि म्हातारा आत जाणार.

"पायी फेरी," वालुसिंबी साहेबांनी दरीवर बोट ठेवलं. कंपालाहून बायको-मुलीला घेऊन ते दुपारीच आले होते. "ऊन उतरलं की इथून निघायचं. झेब्रे इथेच असतात असं तुमच्याच माणसाने फोनवर सांगितलं."

"असतात, साहेब. पण संध्याकाळी तळ्यावर नाव घेतलीत तर पाणघोडे, मगरी, मासेगरुड, सगळं बसल्या जागी दिसतं."

"अहो, पाणी बघायला इथे कशाला येऊ? आमचं कंपालाचं तळं केवढं मोठं आहे! तुमचं तर त्याच्यापुढे बशीत सांडलेला चहा."

खांबाला टेकून उभा असलेला सबीती हसला. उद्यानाचा रक्षक, फेऱ्यांना बंदूक घेऊन तोच जायचा. निन्सीमाच्या गावचाच, तिच्या नवऱ्याबरोबर गुरं राखत मोठा झालेला.

"चहा काय साहेब," तो म्हणाला, "पण त्या चहात पाणघोडे आहेत."

"मग दरीत काय आहे?"

निन्सीमाने सबीतीकडे पाहिलं नाही. ती गोटा सरळ करत राहिली. सबीतीने बंदुकीचा पट्टा एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतला.

"दरीत सध्या एक रानरेडा आहे," तो म्हणाला. "कोणीतरी लावलेला फासा त्याच्या मागच्या पायात रुतलाय. तार तशीच आहे, पाय सुजलाय. काल आमच्या मोटारसायकलच्या मागे लागला. उद्या डॉक्टर येतील, बेशुद्ध करून तार काढतील. तोवर त्याच्या वाटेला न गेलेलं बरं."

रानरेड्यांना कसं टाळायचं ते म्हाताऱ्याला ठाऊक होतं, निन्सीमाला काळजी होती ती रक्षकांची. तिला खोटं बोलावंच लागलं नव्हतं.

"ऐकलंत ना, साहेब? मी म्हणूनच सांगत होते. लहान मुलगी आहे बरोबर. उद्या तार काढली की परवा सकाळी दरी. आज नाव." तिने एक गोटा उचलून नकाशावरच्या निळ्या भागावर ठेवला.

वालुसिंबी साहेबांनी बायकोकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघता?" ती म्हणाली. "रेड्याशी तुम्ही बोलणार का? नावच ठरवा."

"ठीक आहे. नाव तर नाव."

बाई उठल्या, पिशवीत शोधाशोध करू लागल्या. "हिची बाटली कुठे गेली? मिरेम्बे, बाटली कुठे ठेवलीस?" मग निन्सीमाकडे वळून म्हणाल्या, "त्या लाल बाटलीशिवाय ही पाण्याचा थेंब पीत नाही. सोन्याचा पेला दिला तरी तोंड फिरवील. आमच्याकडे बाटली भरली, की गल्लीला कळतं बाईसाहेब निघाल्या म्हणून."

"सगळ्यांच्याच मुली तशा," निन्सीमा हसत म्हणाली. "आमची आशाबासुद्धा तिच्या छोट्या..."

ती थांबली.

धूर पुन्हा तिच्या डोळ्यांपुढे आला आणि आता धुराखालची जमीनही दिसली. सासऱ्यांच्या गुडघ्यापाशी, विणलेलं टोपण काढून, आपली पाळी यायची वाट बघत आडवी पडलेली छोटी चरवी. आशाबाची. तिच्याखेरीज दुसऱ्या कशातून पोर दूध पीत नसे. निन्सीमाने ती सकाळी पाहिली होती. बसलेच आहेत तर म्हातारबा सगळीच भांडी उरकताहेत, असं मनाशी म्हणत ती पुढे निघून गेली होती.

"काय हो, काय झालं?" बाईंनी विचारलं.

"काही नाही. एक फोन करते."

ती छपराच्या कडेला गेली. घंटी बराच वेळ वाजत राहिली. मग ढोल, हसणं, आणि त्यातून सासूचा आवाज.

"कोण? मोठ्याने बोल, इथे नवरीचे मामा भाषण ठोकतायत."

"मावे, आशाबा तुमच्याजवळ आहे ना?"

"कुठली! सकाळी काय तमाशा केलाय तिने. आजोबांच्या पायाला मिठी मारून बसली, सोडायलाच तयार नाही. म्हटलं राहा घरी. का ग?"

निन्सीमाने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"निन्सीमा?" सासूचा आवाज खाली आला. "धुरीला बसले होते का ते?"

"हो."

"कुठली भांडी होती?"

"मोठी... आणि छोटी."

पलीकडे ढोल वाजत राहिले.

निन्सीमा परत टेबलापाशी आली. वालुसिंबी साहेब मुलीला नकाशावरची होडीची जागा दाखवत होते. तिने निळ्यावरचा गोटा उचलला. तो कुठे ठेवायचा हे तिला ठाऊक होतं, पण हात तिथवर जाईना. कळप जाईल. घरातलं दूध जाईल. आणि सुनेनेच घालवलं, असं सगळा गाव म्हणेल. तिने गोटा दरीवर ठेवला, नेमका विहिरीच्या जागी.

"न्याबो, अहो बाई, आता ठरलं होतं ना?" साहेब वैतागले.

"तुमची नावच आहे, साहेब. नावाडी घाटावर थांबलाय." मग ती सबीतीकडे वळली. "रेडा कुठे दिसला होता?"

सबीतीने गोट्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्याने जागा सांगितली नाही.

"विहिरीवर कोण आहे?" त्याने हळू आवाजात विचारलं.

ती खाली वाकून बुटांच्या नाड्या आवळू लागली. गाठ पुनःपुन्हा सुटत होती.

सबीतीने पट्ट्याला अडकवलेला रेडिओ काढला, नकाशावर ठेवला आणि मोटारसायकलकडे निघाला. रेडिओ नाही, म्हणजे चौकीला खबर नाही. लहानपणी तो त्या घरचं दूध प्यायला होता, निन्सीमा सून होऊन येण्याच्या कितीतरी आधी.

निन्सीमा रेडिओकडे बघत राहिली. बारीक खरखर करत तो तिथे पडला होता. तिने तो तसाच राहू दिला असता तर कोणी तिला बोल लावला नसता.

तिने तो उचलला, धावत जाऊन मोटारसायकलची मूठ धरली आणि रेडिओ त्याच्या हातात कोंबला.

"आशाबाच्या आई, याच्यावर एकदा बोललो, की सगळी चौकी येईल तिथे," सबीती म्हणाला. "गुरं मला लपवता येणार नाहीत."

"माहीत आहे. बंदूक एकच आहे तुझ्याकडे. त्यांना बोलाव. तू पुढे हो, मी मागून पळत येते."

"आणि म्हाताऱ्याला काय सांगू?"

"त्यांना मी आजवर एक शब्द विचारलेला नाही. आज तू विचार." तिने मूठ सोडली. "पण ते नंतर. विहिरीजवळच्या बाभळीच्या सावलीत बघ, पिवळा फ्रॉक असेल. आधी तिला बघ, सबीती. बघितलंस की लगेच मला सांग."