खिडकीतला लाल आकडा

मी एक वेबफीड. नाव परकं वाटेल, पण काम साधं आहे. एक आंतरराष्ट्रीय संस्था पिकांवर फवारायच्या औषधांबद्दल नवी कागदपत्रं प्रसिद्ध करते. संगणकावर माझा पत्ता एकदा नोंदवला की प्रत्येक नव्या कागदाचं शीर्षक मी आपोआप घेऊन येतो, आणि न वाचलेल्या शीर्षकांचा लाल आकडा पडद्यावर दाखवतो.

घनश्याम सरांनी मला सहा वर्षांपूर्वी घरी आणलं. कृषी महाविद्यालयातून निवृत्त होऊन ते फुलसावंगीला परतले होते. मी आणलेलं ते तीनदा वाचत. मग आपली समजण्यात चूक झाली असेल, या भीतीनं चौथ्यांदा.

जवळच्या तांड्यावरचे लोक फवारणीआधी त्यांना विचारायला येऊ लागले. सर घरी नसले तर? म्हणून त्यांनी संगणकाचं तोंड खिडकीबाहेर केलं. "लाल आकडा दिसला तर नवीन काही आलंय. मला विचारल्याशिवाय पंप पाठीवर घेऊ नका."

आकडा नसला तर काय, हे त्यांनी सांगितलं नाही. ते लोकांनीच ठरवलं.

"सिग्नल हाय हा," तांड्यावरचा फुलचंद म्हणायचा. "लाल नाही, म्हनजे गाडी सोडा!"

सगळे हसायचे. मीही फुशारलो होतो.

अकरा आठवड्यांपूर्वी संस्थेनं संकेतस्थळ बदललं. माझा जुना पत्ता बंद झाला. तरी मी दर तासाला त्याच दाराशी जातो आणि रिकाम्या हातानं परततो. मी आंधळा झालोय, हे सांगणारा आकडा माझ्याकडे नाही.

आज सकाळी फुलचंदची आई बसंतीबाई आली. फुलचंद खिडकीत पाहून केव्हाच शेतात गेला होता, कपाशीवर दोन औषधं एकत्र मारायला.

"सर, याच्यावर लाल कधी दिसलं होतं आखरी?"

सर आठवू लागले. "पेरणीच्या दिवसांत बहुतेक..."

"आता पोळा होऊन गेला. इतके दिवस तिकडं कोनी काईच लिहिलं नाही? का हे मेलं हाय?"

सरांचा चेहरा उतरला. त्यांनी संस्थेचं पान स्वतः उघडलं. चौदा नवे कागद. पाचव्यावर त्यांचं बोट थांबलं. नेमकी तीच दोन औषधं. एकत्र फवारू नयेत, फवारणाऱ्याचा श्वास कोंडतो.

"फुलचंदला फोन लावा!"

"फोन घरीच ठेवते तो. औषधाच्या हातानं खराब होते म्हने."

"मी बघायला हवं होतं. माझीच चूक, मीच..."

"मंग रडजा, सर. आधी चाला!"

सरांनी सवयीनं पान मिटवलं आणि दोघं शेतांमधल्या धुऱ्याच्या वाटेनं धावत गेले. पडद्यावर पुन्हा मी उरलो. स्वच्छ, शांत, रिकामा.

ते पोचले की नाही, मला कळायला मार्ग नाही.

आणि आता खिडकीशी तांड्यावरचाच धरमसिंग उभा आहे. त्याचंही शेत कपाशीचं. पाठीवर भरलेला पंप आहे.

"सर? ओ सर!"

घरात कुणी नाही. तो गजांना कपाळ टेकवून आत पाहतो. माझ्याकडे पाहतो. त्याला हायसं वाटलेलं मला दिसतं, आणि त्याचीच मला भीती वाटते.

वाचकहो, माझ्यासारखा कुणी फार दिवस गप्प असला, तर त्याला सुखरूप समजू नका. मूळ दाराशी जाऊन स्वतः पाहा.

धरमसिंग वळला. नाकावर रुमाल बांधत तो शेताकडे निघालाय. तुम्ही त्या वाटेवर असाल तर त्याला हाक मारा. मला आवाज नाही.