रबरवाली मशीन

कोंढ्याच्या मारोतराव मालकाच्या राईस मिलमध्ये मी, तुलाराम, चौदा वर्सं झाली मिस्त्री आहो. त्यातली तीन वर्सं एकच गोष्ट सांगून सांगून तोंड दुखलं, "मालक, रबरवाली मशीन घ्या. आपल्या जुन्या मशीनीत निम्मा तांदूळ तुटते."

मालक म्हणत, "घेऊ ना बापा. पैसा कोठून आणू?"

पैसा होता. लोखंडी पेटीत अठरा हजार होते, अन् मशीनही तेवढ्याचीच. पण तो धान खरेदीचा पैसा. दिवाळी झाली का कास्तकार काट्यावर पोतं ठेवते अन् हात पुढं करते, तिथं 'उद्या ये' चालत नाही. बँकवाले म्हणाले, जागा गहाण ठेवा. जागा चार भावांची, अन् तिघं सही देत नाहीत.

"मशीन घेतली त धान कायनं घेऊ, तुलाराम? माती भरडू का?"

धरलं त चावते, सोडलं त पळते. मले राग येई, पण मालकाले खोटं कसं म्हणू?

एक्याऐंशीत हिरालालनं सडकेपलीकडं रबरवाली मिल टाकली. त्याले सासऱ्यानं पैसा देल्ला. अख्खा तांदूळ निघे, म्हणून तो पोत्यामागं दोन रुपये जास्त दे. धानाच्या बैलबंड्या आमच्या दारावरून पुढं जाऊ लागल्या. मिल बसली त पंचेचाळिशीतल्या मिस्त्रीले कोण ठेवते? मले झोप लागेना.

अन् माझीच बायको, मंदाबाई, म्हणाली, "घरचं धान तिकडंच नेते. पोरीले पाहाले पाहुणे येऊन राहिले, तुटक्या कनकीचा भात वाढू का त्याहीले?" मी थकलो होतो. नाही म्हणालो नाही.

दुपारी मालक अन् मी संगंच डबा खातो. त्या दिवशी मी डबा उघडला. शीत न् शीत अख्खं. आमच्या मशीनीतून असा दाणा कधी निघालाच नाही.

मालकानं माझ्या डब्यातला एक घास घेतला. हळूहळू चावला.

"चांगला झाला भात," म्हणाले.

लय लाज वाटली मले. मालकानं कंबरेची किल्ली काढून माझ्यापुढं ठेवली. "पेटीत अठरा हजार तसेच आहेत. जाय, मशीन आण."

"अन् धान?"

"धान येऊनच नाही राहिलं, त पैसा कोणासाठी ठेवू?"

मागच्या महिन्यात नागपूरले जाऊन मी भाव काढला होता. आता सांगणं भागच होतं.

"मालक, ते आता सव्वीस हजाराची झाली."

मालक किल्लीकडं पाहत राहिले. मग डबा माझ्याकडं सरकवला.

"खाऊन घे आधी. थंडा होऊन राहिला."