पट्ट्याने ऐकलेली शीळ

मी रबराचा एक जुना, भेगाळलेला पट्टा आहे, मित्रांनो. मोटारीच्या बॉनेटखाली इंजिनाच्या कडेला जी चाके असतात, त्यांना कवेत घेऊन मी फिरवत असे. बॅटरीतली वीज, इंजिनातले गार पाणी, सारे माझ्या फिरण्यावर चाले. मी मात्र कोणाला दिसत नसे.

कारखान्यातून आल्यावर हेल्दुर नावाच्या कोळ्याने मला आपल्या निळ्या मोटारीत बसवले. एस्टोनियातल्या एका बेटावर त्याचे घर होते. तो अधूनमधून मला बोटांनी चाचपून पाही आणि बायकोला, आस्ताला, म्हणे, "हा माझ्याहून गुणी आहे बघ. कधी कुरकुर नाही." ते ऐकून मला फार बरे वाटे.

मग एका हिवाळ्यात हेल्दुर बर्फाखाली लावलेली जाळी बघायला गोठलेल्या समुद्रावर चालत गेला आणि धुके उतरले. मोटार किनाऱ्यावर उभी होती. मी इंजिनात गार होत गेलो. तो परतला नाही. पुष्कळ शोधूनही कोणाला सापडला नाही.

त्यानंतर आस्ता मोटार चालवू लागली आणि तेव्हापासून तो आवाज सुरू झाला. इंजिन चालू केले की बारीक, लांबलचक शीळ ऐकू येई, हेल्दुर जाळी ओढताना घालायचा तशी. पट्टा ओरडतोय, असे गावात सगळे म्हणत. आस्ता मात्र कोणाला बॉनेट उघडू देत नसे. मला चिरा पडत गेल्या, कडेचे धागे सुटले, पण माझ्याकडे कोणी पाहिले नाही.

समुद्र पुन्हा गोठला तेव्हा पलीकडच्या किनाऱ्यावरून तिच्या लेकीचा, केर्तूचा, फोन आला. तिचे दिवस भरत आले होते आणि घरात दुसरे कोणी नव्हते. बोट बंद होती. बर्फावरच्या वाटेनेच जावे लागणार होते, आणि त्या वाटेवर गाडी थांबवायची नसते. उभ्या गाडीच्या वजनाने बर्फ तडकतो.

आस्ताचा दीर रायवो नवा पट्टा घेऊन आला.

"वहिनी, जुना बर्फावर तुटला तर गाडी जागच्या जागी बसेल."

"तो तुटायचा नाही."

"तो रबर आहे, वहिनी. हेल्दुर नाही."

आस्ताने पाना उचलला. "सरक. तू नुसता सांग."

भर दुपारी, अंगणातच, तिने ताण धरणारे चाक पान्याने मागे रेटले. मी सैल पडलो. तिने मला ओढून बाहेर काढले आणि नव्या पट्ट्याला लावून लांबी जुळवली. मी तिच्या हातात लोंबत होतो, इंजिन बंद होते, आणि शीळ ऐकू आली.

मित्रांनो, ती शीळ कधीच माझी नव्हती. मला ते ठाऊक होते, पण सांगणार कसे?

रायवोचा चेहरा पांढरा पडला. "वारा असेल," तो म्हणाला. धुराड्यातला धूर सरळ वर जात होता.

"असेल. ते बॉनेट जरा वर धर."

नवा पट्टा तिने खाचेखाचेत नीट बसवला. अडीअडचणीला असावा म्हणून मला शेजारच्या सीटवर ठेवले आणि ती निघाली.

बर्फावर धुके होते. वाट दाखवायला रोवलेल्या जुनिपरच्या झुडपाच्या फांद्या एकेक करून समोर येत होत्या. नवा पट्टा गुपचूप फिरत होता. मधोमध आल्यावर शीळ आली. डावीकडून, वाटेबाहेरून, अगदी जवळून.

आस्ताने काच खाली केली. गाडी मंदावली, डावीकडे वळू लागली. फांद्या दिसेनाशा झाल्या. चाकांखाली बर्फ कण्हला. मी नुसता सीटवर पडलेलो, इंजिनाशी माझा आता संबंध नव्हता, तरी त्या थंडीत मला ऊब येऊ लागली. कोणीतरी मला बोटांनी चाचपून पाहत होते.

"हेल्दुर," आस्ता हळूच म्हणाली, "केर्तू एकटी आहे रे. मला जाऊ दे."

तिने काच वर केली आणि गाडी फांद्यांकडे वळवली. शीळ काचेपलीकडून आमच्याबरोबर येत राहिली. चाके किनाऱ्यावर चढली तेव्हा ती मागेच थांबली. आस्ताने वळून पाहिले नाही.

केर्तूला मुलगी झाली. आता मी केर्तूच्या शेडमध्ये खिळ्याला टांगलेला असतो. एकदा आस्ताने मला काढून लेकीच्या हातात दिले. "ह्या चिरा बघ. मी कानांवर विसंबून राहिले. तू आपली बोटांनी बघत जा."

मित्रांनो, तुमच्या घरच्या मोठ्यांनाही हे सांगा. अधूनमधून बॉनेट उघडा, आम्हाला हात लावून पाहा, चिरा दिसल्या की खुशाल बदला. आम्हाला राग येत नाही. आमच्यातले पुष्कळ जण चकार शब्द न काढता तुटतात. हाक मारायला आम्हाला आवाज नसतो.