पायरीला टाकी

"हात लावू नको त्या दगडाला," द्वारकाबाई न्हाणीच्या दारात आडव्या उभ्या राहून म्हणाल्या. "पाट्याला लाव, वरवंट्याला लाव. ह्याला न्हाई."

जनकाबाई गोणपाट अंथरून खाली बसलीही होती. टाकी आणि हातोडी तिने पिशवीतून काढून ठेवली होती. तिने शेजारी उभ्या असलेल्या साधनाकडे, म्हणजे गावच्या आशा सेविकेकडे पाहिलं. द्वारकाबाई मात्र दोघींकडेही पाहत नव्हत्या. त्यांचा एक हात भिंतीवर होता आणि तो काही तिथून हलत नव्हता.

पूर्वी उन्हाळा तोंडावर आला की पुसेगावच्या गल्ल्यांतून जनकाबाईची हाळी ऐकू यायची, "टाकीऽऽ, पाट्याला टाकीऽऽ." वापरून गुळगुळीत झालेल्या पाट्यावर ती टाकीचे बारीक घाव घालायची आणि दगड पुन्हा खरखरीत व्हायचा. मग घरोघर मिक्सर आले आणि तिची हाळी बंद पडली. एकट्या द्वारकाबाई तेवढ्या दर वर्षी निरोप धाडून पाट्याला टाकी लावून घ्यायच्या. तो पाटा वर्षभर अंगणात पडून असायचा, त्यावर मांजर झोपायचं. पण टाकी लागायची, वर चहा व्हायचा, सुपात जोंधळे पडायचे. जनकाबाईला सगळं कळत होतं, पण दोघींपैकी कुणीही त्यावर कधी बोललं नाही.

यंदा आरोग्य उपकेंद्रातून साधनाकडे नवं काम आलं होतं. म्हातारी माणसं घरात पडतात, हाड मोडतं आणि मग ती उठतच नाहीत. ती पडण्याआधीच काही करा, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. साधना घरोघर जाऊन विचारायची, वर्षात कधी पडलात का, रात्री दिवा लागतो का, धरायला काही आहे का. न्हाण्या आणि पायऱ्या ती स्वतः पाहायची. दगड साबणाने इतके निसरडे झालेले, की एका घरात तीच आपटता आपटता वाचली. तेव्हा तिला लहानपणी ऐकलेली हाळी आठवली. दुसऱ्याच दिवशी ती जनकाबाईच्या दारात हजर झाली आणि तेव्हापासून दोघी जोडीने फिरत होत्या.

"आजी, तुमी पडल्या व्हत्या ना?" साधनाने विचारलं.

"म्या? म्या कशाला पडू?"

"कोपर काळंनिळं झालंय की."

"म्हशीनं ढुसणी मारली."

"म्हस तर तुमी दोन वर्सांखाली इकली," जनकाबाई म्हणाली.

द्वारकाबाईंनी तिच्याकडे रागाने पाहिलं. मग त्यांना हसू आलं आणि हसता हसता त्या उंबऱ्यावर टेकल्या. बसताना कमरेतून कळ आली ती त्यांना लपवता आली नाही.

"भागवतला सांगू नका," त्या हळू आवाजात म्हणाल्या. भागवत त्यांचा मुलगा, तो तुरीच्या शेतात गेला होता. "त्यो म्हणला हाये, आता पडलीस तं पुनम घालील तुला आंघोळ. सून गुणाची हाये, न्हाई म्हणत न्हाई म्या. पन दुसऱ्याच्या हातानं आंघोळ करायची? त्यापरीस देवानं उचलावं."

"मंग लावू द्या की टाकी."

"मालकाला शेवटचं पाणी ह्याच दगडावर घातलं, जनका. लेकरं ह्याच्यावरच न्हाली, पोरींच्या हळदी ह्याच्यावरच उतरल्या. त्याच्यावर घाव घालतीस?"



"माह्या घरचं तुमाला ठावं हाये," जनकाबाई म्हणाली.

ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. जनकाबाईचा नवरा सोनाजी दगडफोड्या. जिलेटिनच्या सुरुंगाला दाद न देणारे खडक त्याने पहारीने हलवले होते. तीन पावसाळ्यांमागे आपल्याच दारातल्या ओल्या पायरीवरून त्याचा पाय सटकला आणि खुबा मोडला. पुढचा उन्हाळा लागेपर्यंत तो खाटेवर होता, मग गेला. जनकाबाई त्याला कुशीवर वळवायची, पुसायची, धुवायची. तेवढा गडी माणूस, पण तिने धोतराला हात घातला की डोळे घट्ट मिटून भिंतीकडे तोंड करायचा. शेवटीशेवटी तर तो तिच्याशी बोलेनासा झाला. तो रागावला नव्हता, त्याला लाज वाटत होती. ती लाज जनकाबाईच्या काळजातून अजून गेली नव्हती.

"तसं तुमचं व्हऊ नये," ती म्हणाली. "दुसरं काय."

 द्वारकाबाईंनी सरळ विचारलं, "तुह्या पायरीला टाकी लावली का?"

जनकाबाईने हातोडी उचलली, पुन्हा खाली ठेवली.

साधनाला एकदम आठवलं. जनकाबाई घराबाहेर पडताना चौकट धरून लांब टांग टाकायची, पायरी ओलांडून थेट जमिनीवर उतरायची. गुडघ्यांची तक्रार करायची आणि तरी तशीच उतरायची. साधनाने गावातली प्रत्येक पायरी पाहिली होती, पण जिच्या बरोबर फिरत होती तिची पाहिली नव्हती.

"काहून न्हाई लावली?" द्वारकाबाईंनी विचारलं.

"त्येनी मला म्हणलं व्हतं," जनकाबाई दगडाकडे बघत म्हणाली. "पावसाच्या आधी म्हणलं व्हतं, पायरी गुळगुळीत झाली, दोन घाव मार. म्या म्हणलं, पिशवी माळ्यावर हाये, काढते उद्या. त्येनी पुना म्हणलं. म्या पुना उद्याच म्हणलं. आता कोन्त्या हातानं लावू?"

 

द्वारकाबाई भिंतीच्या आधाराने उठल्या. "उचल पिशवी. आधी तुही पायरी, मंग माहा दगड."

कधी कुणाचा आधार न घेणाऱ्या द्वारकाबाई साधनाच्या खांद्यावर हात ठेवून गल्लीतून निघाल्या. जनकाबाई मागे मागे चालली. स्वतःच्या दारापाशी आल्यावर ती पायरीसमोर बराच वेळ उभी राहिली. पायरी सोनाजीनेच घडवलेली होती आणि मधोमध चकाकत होती. मग ती गोणपाट न टाकताच मातीत बसली आणि तिने पहिला घाव घातला.

बऱ्याच दिवसांनी गल्लीत टाकीचा आवाज घुमला. पलीकडच्या घरातून कुणीतरी ओरडून विचारलं, "कोनाचा पाटा गं जनकामावशी?"  तिचा हात सरावाने चालत राहिला. या कडेपासून त्या कडेपर्यंत घाव ओळीने पडत गेले, पांढरी भुकटी तिच्या लुगड्यावर उडाली. साधनाने द्वारकाबाईंसाठी बाज आणून टाकली. त्या बसून पाठ टेकतात न टेकतात तोच आवाज थांबला.

"झालं बी?" द्वारकाबाईंनी विचारलं.

"व्हय," जनकाबाई म्हणाली. "एवढंच काम व्हतं."

आणि मग ती रडली. सोनाजी गेला तेव्हा आल्यागेल्यांचं बघता बघता तिला रडायला सवड मिळाली नव्हती. आता ती पायरीला कपाळ टेकवून, दगडाची भुकटी तोंडाला लागेपर्यंत रडली. द्वारकाबाईंनी तिला उगी केलं नाही. त्यांनी साधनाला आतून तांब्याभर पाणी आणायला लावलं, जनकाबाई शांत झाल्यावर ते स्वतःच्या हाताने पायरीवर ओतलं आणि म्हणाल्या, "ठिव पाय."

जनकाबाईने चप्पल काढून ओल्या पायरीवर पाय ठेवला.

"बोचतं का?"

"बोचतं."

"बोचू दे. धरलं का?"

"धरलं."

"मंग चल. भागवत येयाच्या आत माहा दगड करून दे."

जनकाबाई तोंड धुवायला आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या एका हातात पिशवी होती, दुसरा मोकळा होता. सवयीने तो चौकटीकडे गेला आणि तिथे न टेकताच खाली आला. पायरीवर एक पाय, मग दुसरा पाय ठेवत ती अंगणात उतरली.