चुलीतून वाचलेली कादंबरी

मी एक जुनी, अर्धी जळालेली कादंबरी आहे. मित्रांनो, माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका.

माझा जन्म कोल्हापूरच्या एका छापखान्यात झाला. जहाज फुटून ओसाड बेटावर अडकलेल्या मुलीची गोष्ट माझ्या पोटात आहे. गोवा राज्य झालं त्या सुमारास देवकी नावाच्या शाळकरी मुलीच्या मामाने म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मला विकत घेतलं आणि सर्वण ह्या त्यांच्या खाणींच्या गावी आणलं. देवकीने माझी पारायणं केली. तिचा बाप भिकाजी मात्र मला पाहिलं की चवताळायचा.

"शाळेचं पुस्तक उघड! ह्या थापा वाचून पोट भरतलें?" असं म्हणत त्याने मला अंगणात भिरकावलंही.

एका दुपारी तिची धाकटी बहीण सुमन शेळीच्या करडामागे धावताना बंद खाणीच्या खड्ड्यात घसरली. तिला काढायला देवकी उतरली आणि दोघीही अडकल्या. चढायला जावं तर लाल माती अंगावर यायची. तरी सुमन रडत पुन्हा पुन्हा चढू लागली.

देवकीने तिला खाली ओढलं. "बस गो! कड कोसळली तर दोघी पुरल्या जाऊ. बेटावरची ती मुलगी आधी सावलीत बसली होती. मग तिने आवाज केला."

"ताई, तहान लागली."

"खड्ड्यातलं हे गढूळ पाणी तोंडाला लावू नको."

कडेपासून दूर एक गंजलेलं पिंप पडलं होतं. त्याच्या सावलीत बसून देवकी त्यावर दगड आपटत राहिली. थांबून थांबून, दम राखून. संध्याकाळी ट्रकवाल्या रघुनाथने तो आवाज ऐकला आणि दोर सोडला. हे सगळं मला पुढे सुमनच्या तोंडून कळलं.

घरी कौतुक झालं असेल? छे! भीतीने भिकाजीचा नुसता संताप झाला होता.

"असलीं पुस्तकां वाचूनच हिला खाणीत उतरायची अवदसा आठवली!"

त्याने मला न्हाणीच्या चुलीत कोंबलं. माझी पानं भुरुभुरु जळू लागली. तेवढ्यात सुमनने जाळात हात घालून मला ओढलं. तिची बोटं भाजली.

"बाबा, ताईने हे वाचलं नसतं तर मी चढत राहिले असते. मेले असते मी!"

भिकाजी तिच्या बोटांना खोबरेल लावत बसला. माझ्याकडे त्याने पाहिलंही नाही.

मित्रांनो, मला वाचून कोणी शूर होत नाही. घाबरल्यावर पुढे काय करायचं, एवढंच मी शिकवते. ते घ्या. आणि मला जाळायला निघालेल्या मोठ्या माणसांनो, आधी एकदा वाचा. मग खुशाल काडी लावा.