लिअँडरचा दम

सेल्बीची शवपेटी टेकडीवरच्या दफनभूमीकडे नेताना माझ्या नवऱ्याला मध्येच थांबावं लागलं, तिथून हे सगळं सुरू झालं.

मेरिट्स कोव्हमध्ये माणूस गेला की त्याला गाडीतून नेत नाहीत, खांद्यावरून नेतात. आणि चर्चपासून वर जाणारा रस्ता असा उभा आहे, की हिवाळ्यात रिकाम्या हातानं चढतानाही माणूस कुंपणाला धरून चालतो. माझा नवरा फॉन्स तेव्हा मासळीच्या कारखान्यात मुकादम होता. अंगानं सुटलेला, रक्तात साखर वाढलेली, बुटाची नाडी बांधायला वाकला तरी धापणारा. वळणावर त्याचा श्वास इतका अडला, की सगळ्याच खांदेकऱ्यांना पेटी कडेच्या बर्फावर टेकवावी लागली. सगळा गाव टोप्या हातात धरून उभा राहिला. सेल्बीचा थोरला भाऊ लिअँडर पेटीमागून चालत होता, कारण सख्ख्या भावाला खांदा द्यायलाही डॉक्टरांनी त्याला मनाई केली होती. तो पुढे आला, फॉन्सच्या पाठीवर हात ठेवला आणि फक्त आम्हा दोघांनाच ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “माझ्या वेळी असा थांबलास ना लेका, तर उठून बसेन मी. आत्ताच सांगून ठेवतो.”

कीअर्ली घराण्यातले पुरुष असेच जात. लिअँडरचे वडील होडीत जाळं ओढता ओढता गेले, काका कुणाच्या तरी लग्नात नाचता नाचता. सेल्बी बर्फावर हॉकी खेळताना कोसळला, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर नुकत्याच मारलेल्या गोलाचं हसू तसंच होतं. पूर्वी लोक याला देवाची मर्जी म्हणायचे. मग, आम्ही सगळे तरुण असताना, सेंट जॉन्स शहरातून डॉक्टर आले, त्यांनी घरातल्या सगळ्यांचं रक्त नेलं आणि त्या मर्जीला एक लांबलचक नाव दिलं. बहीण डॉर्कस त्यातून सुटली. लिअँडर आणि सेल्बी सुटले नाहीत; सेल्बीनं डॉक्टरांचं ऐकलं नाही, लिअँडरनं ऐकलं. त्याच्या गळ्याखालच्या हाडापाशी, कातडीच्या आत, काडेपेटीएवढं यंत्र बसवलं; हृदय भलत्या तालात गेलं की ते आतून धक्का देणार होतं. धावायचं नाही, वल्हवायचं नाही, दारातला बर्फसुद्धा उपसायचा नाही. लहानपणी हा शाळेच्या बसशी शर्यत लावायचा आणि बसचा ड्रायव्हरच आधी हार मानायचा. त्या लिअँडरनं ठरलेलं लग्न मोडलं. “माझ्यापाशी संपू दे हे,” एवढंच तो म्हणाला, आणि त्यानंतर दर रविवारी आमच्याकडे जेवायला येऊ लागला.

सेल्बीला पुरून आठवडाही झाला नसेल. लिअँडर सकाळीच दारात उभा, हातात धावायचे बूट.

“घाल,” तो फॉन्सला म्हणाला.

“वेड लागलंय का तुला? मी आणि धावू?”

“तू धाव. मला परवानगी नाही, तुला काय धाड भरलीय?”

फॉन्स धुक्यात किनाऱ्याच्या रस्त्यानं लटपटत धावायचा आणि लिअँडर आपली जुनी गाडी त्याच्या मागून माणसाच्या चालीनं हाकत, खिडकीतून डोकं बाहेर काढून त्याची हजेरी घ्यायचा. “अरे, मिसेस पार्डीची कोंबडी पुढे गेली तुझ्या.” “पाय उचल, जमीन काय विकत घेतलीस का?” गावानं आधी हसून घेतलं, मग लोकांना सवय झाली, आणि पुढे पुढे तर बायका त्या दोघांच्या येण्यावर चहाचं आधण ठेवू लागल्या. वसंत सरेपर्यंत फॉन्सच्या विजारी मी दोनदा आत घेतल्या. साखर उतरली. झोपेत घोरणं थांबलं. माझं लग्न ज्याच्याशी झालं होतं तो माणूस चरबीच्या आतून हळूहळू बाहेर येताना मी पाहत होते, आणि लिअँडरचे उपकार कसे फेडावेत ते मला कळत नव्हतं.

जूनमध्ये, खाडीच्या तोंडाशी हिमनग येऊन थांबले होते तेव्हा, एका सकाळी दोघं आत आले आणि मी चहा ओतला. लिअँडरचा शर्ट पाठीला चिकटला होता. कपाळावरून घाम ओघळत होता. बाहेर हात गारठावेत असा वारा होता. गाडीतला हीटर बिघडला असेल, असं मला वाटलं. मग मी नवऱ्याकडे पाहिलं. तो टेकडीपर्यंत धावून आला होता आणि त्याचं कपाळ कोरडं होतं.

त्यानंतर मी पाहत राहिले. पायऱ्या उतरताना लिअँडर कठडा धरायचा, पोटऱ्या भरून आल्यासारखा. कप तो दोन्ही हातांनी उचलायचा. आणि एवढं असून त्याच्या तोंडावर जे तेज असायचं, ते मी त्याच्या तरुणपणानंतर पाहिलं नव्हतं. एकदा दुकानात डॉर्कस मला बाजूला घेऊन म्हणाली, “जेनीव्ह, दादाच्या तळपायांना फोड आलेत गं.” मी हसून म्हटलं, “गाडीत बसून?” तीही हसली. मग आम्ही दोघी हसायच्या थांबलो आणि तिनं पिशवीत बटाटे भरायला घेतले.

शेवटी फॉन्सच बोलला. पलंगाच्या कडेवर बसून, एक मोजा हातात धरून. “जेन, मी दमत नाही.”

“मग चांगलंच आहे की.”

“नाही. तुला कळत नाहीये. चढावर माझा श्वास असा चालतो, जसा आत्ता इथं बसून चालतोय. धावतो मी. दमत नाही मी.”

दुसऱ्या दिवशी लिअँडरला न सांगता तो एकटाच निघाला, डोंगरापलीकडच्या दलदलीच्या वाटेनं. परतताना थेट कीअर्लींच्या घरी गेला. लिअँडर स्वयंपाकघरात टेबलाची कड दोन्ही हातांनी धरून उभा होता, केस डोक्याला चिकटलेले, आणि डॉर्कस त्याच्या मानेला ओलं फडकं लावत होती. त्यानं वर पाहिलं. रागावला नव्हता. “आज पलीकडच्या अंगानं गेलास ना?” तो म्हणाला. “समोरून वारा होता.”

फॉन्सनं बूट माळ्यावर टाकले आणि गुडघा दुखतो म्हणून सांगितलं. लिअँडर रोज सकाळी येऊन दारात गाडीचा भोंगा वाजवायचा, थांबायचा, निघून जायचा. मग एक दिवस तो गाडी बंद करून आत आला आणि खुर्ची ओढून बसला. मी ओट्यापाशी पावाचं पीठ मळत होते.

“गुडघा ठणठणीत आहे तुझा,” तो म्हणाला.

“तू मरशील, लिअँडर.”

“ते तर ठरलेलंच आहे. बाबा जाळं ओढताना गेले. सेल्बी गोल मारून गेला. मी काय खिडकीत बसून, मांडीवर घोंगडी घेऊन जाऊ?” मग त्याचा आवाज उतरला. “फॉन्स, अर्धं आयुष्य मला कुणी धावू दिलेलं नाही. छातीत वारा भरतो ना चढावर, तो कसा असतो ते मी विसरून गेलो होतो. तू मला ते परत दिलंस. आता काढून घेऊ नकोस.”

“नको रे,” मी पाठमोरीच म्हणाले. “डॉर्कसचा तरी विचार कर.”

“जेनीव्ह, तू पिठाकडे बघ,” तो म्हणाला; पण लहान बहिणीशी बोलावं इतक्या मायेनं, की मी पुन्हा पिठात हात घातले.

दुसऱ्या सकाळी फॉन्स माळ्यावर चढला. अख्खा उन्हाळा ते दोघं जात राहिले. फॉन्स मुद्दाम सावकाश धावायचा आणि मागून ओरडा यायचा, “मला म्हातारा समजतोस काय? पळ!” घरी आल्यावर फॉन्स लिअँडरला हात देऊन खुर्चीत बसवी, त्याचे बूट काढी आणि त्याचे पाय गरम पाण्याच्या घमेल्यात ठेवून स्वतः खाली जमिनीवर बसून राही. मी पाहिलेल्या मैत्रीत ती सर्वांत शांत होती, आणि ती पाहून मला रडू येई.

ऑगस्टअखेर किनाऱ्यावरच्या गावांची शर्यत असते. फॉन्सनं नाव घालायचं नाही म्हटलं होतं; नाव लिअँडरनंच घातलं. धावणाऱ्यांच्या मागून गाडी न्यायची परवानगीही त्यानंच काढली. मी चर्चपाशी, शेवटच्या रेषेवर उभी होते. फॉन्स वळणावर दिसला तेव्हा त्याच्यापुढे त्याची मुलं शोभावीत अशा वयाचे दोघंच होते, आणि तो इतका हलका, इतका सुंदर धावत होता, की क्षणभर मला तो फॉन्स वाटलाच नाही. शाळेच्या बसशी शर्यत लावणारा तो दुसराच मुलगा वाटला. रेषेपासून चार हातांवर त्याचं पाऊल अडखळलं. त्यानं छातीवर हात ठेवला आणि एकाएकी, कित्येक महिन्यांत पहिल्यांदा, तोंड उघडून श्वास ओढला. रेषा न ओलांडताच तो मागे वळला.

गाडी वळणाच्या कडेला नीट उभी होती. लिअँडरचं कपाळ स्टिअरिंगच्या चाकावर टेकलेलं, शर्ट निथळत होता, आणि चेहऱ्यावर हसू होतं. यंत्रानं धक्के दिले होते, असं नंतर डॉक्टर म्हणाले. उपयोग झाला नाही.

पेटीला पुढचा खांदा फॉन्सनं दिला. चढावर त्याचा श्वास फाटत होता, ओठ निळे पडले होते, कुणी तरी हळूच “टेकवूया का” म्हणालं. त्यानं मान हलवली. वळण आलं, वळण गेलं. तो थांबला नाही. वर पोचल्यावर पेटी खाली ठेवून तो गवतात गुडघ्यांवर बसला, आणि डॉर्कसनं त्याचं डोकं आपल्या कोटाशी धरलं.

त्यानंतर तो धावला नाही. कामावर जायचा, यायचा, खिडकीपाशी बसायचा. ऑक्टोबरात एका सकाळी मी दलदलीतून रानफळांची बादली भरून परतले, तर तो त्याच खुर्चीत, दोन्ही हातांनी खुर्चीचे हात धरून बसलेला. घामानं भिजला होता. छाती भात्यासारखी चालली होती. मी फोनकडे धावले तसं त्यानं माझं मनगट धरलं.

“थांब,” तो धापा टाकत म्हणाला. “चढ संपत आलाय.”

मी खिडकीतून पाहिलं. रस्ता ओला होता, आणि रिकामा. हळूहळू त्याचा श्वास खाली आला. त्यानं डोळे मिटले आणि रविवारी जेवून उठलेल्या माणसासारखा तृप्त दिसला. मग ते रोजच होऊ लागलं. मी विनवण्या केल्या, रडले, शेवटी डॉर्कसच्या मदतीनं त्याला सेंट जॉन्सला नेलं.

तिथला डॉक्टर तरुण होता आणि बोलायला मऊ. त्यानं सगळ्या तपासण्या केल्या, रक्त पाठवलं, आम्हाला पुन्हा बोलावलं. पडद्यावर फॉन्सचं हृदय दाखवून, त्याची एक बाजू कशी पातळ होत चालली आहे ते सांगितलं. मग तेच लांबलचक नाव उच्चारलं, जे मी कीअर्लींच्या स्वयंपाकघरात कितीदा ऐकलं होतं.

“हे संसर्गानं होत नाही,” तो म्हणाला. “घराण्यातूनच येतं. तुमच्याकडे कुणाकडून आलं? वडिलांकडून की आईकडून?”

फॉन्सचे आईवडील दोघंही नव्वदी पाहून गेलेले. मी तसं सांगणार होते.

“लिअँडरकडून,” फॉन्स शर्टाची बटणं लावत म्हणाला.

“ते कोण तुमचे?”

फॉन्सनं माझ्याकडे पाहिलं. मी डॉक्टरला म्हणाले, “भाऊ.”

डॉक्टरनं ते टिपून घेतलं. “आणि ते आता कसे आहेत?”

मी तोंड उघडलं, पण माझ्या हातावर फॉन्सचा हात आला. तो ओला होता, आणि त्याच्या मनगटातली नाडी धावत होती.

“बरा आहे,” फॉन्स म्हणाला. “पळतोय.”