भाजीच्या ट्रॉलीचं डावं चाक

माझ्या बायकोची, शालिनीची, भाजीची ट्रॉली दर गुरुवारी अडते. एक कापडी पिशवी, वर दांडा, खाली दोन लहान चाकं, एवढीच ती वस्तू. बाजारातून येताना डावं चाक फिरायचं थांबतं आणि ती ट्रॉली फरपटत आणते. पण वर आमच्या घरी नाही, तळमजल्यावर जयसिंगरावांच्या ओट्यापर्यंत.

हे मी गॅलरीतून बघतो. हातात पुस्तक असतं, पान उलटलेलं नसतं.

जयसिंगराव माझ्याच वयाचे, एकटे. मिशा राखलेल्या, आवाज मोठा. पूर्वज होळकरांच्या तोफखान्यात होते म्हणे. ते ट्रॉली उलटी करून मांडीवर घेतात आणि पकड व ब्लेडने चाकातला गुंता काढत बसतात. तोंड चालूच असतं.

"शालिनीजी, आमच्या पणजोबांनी चिखलातून तोफा काढल्या. हे तर भाजीचं चाक!"

"तोफेत मेथी भरली होती का हो कधी त्यांनी?"

मग दोघंही हसतात. शालिनी तर पदर तोंडाला लावून हसते. घरात ती अशी बोलत नाही. किंवा बोलतही असेल, मी वाचत असेन. खात्रीने काही सांगता येत नाही मला, आणि तेच जास्त टोचतं.

मी कॉलेजात ग्रंथपाल होतो. घरात खिळा ठोकायचा तरी माणूस बोलवावा लागतो. मला फक्त जुनी, सुटलेली पुस्तकं शिवता येतात. तरी मी ठरवलं की चाक आपणच साफ करायचं. चाक अडलं नाही तर तिला तिथे थांबायचं कारण उरणार नाही. हा विचार लहान मनाचा आहे हे कळत होतं, पण दुसरा सुचला नाही.

बुधवारी दुपारी ती भिशीला गेली. मी जमिनीवर पेपर अंथरला, ट्रॉली आडवी केली आणि पुस्तकं शिवायचं दाभण घेतलं. आधी वरवरचं निघालं. प्लास्टिकच्या पन्नीची चिंधी, कोथिंबिरीच्या जुडीची सुतळी, झेंडूच्या माळेचा वाळका तुकडा. मग केस. लांब, पांढरे, तिचेच. ते मी हळूच ओढून काढले. का कोण जाणे, तोडवेनात. आमच्या इंदुरात ओला कचरा वेगळा, सुका वेगळा. चूक झाली की गाडीवाला सगळ्यांसमोर डबा परत देतो. वाळलेला झेंडू ओला की सुका, यावर मी बराच वेळ घालवला आणि शेवटी सुक्यात टाकला.

केसांखाली, अगदी आसाशी, काहीतरी घट्ट बसलं होतं. दाभणाने टोकरलं तर लाल टोक वर आलं. मी ओढलं. येतच राहिलं. मेण लावलेला दोरा. पुस्तकं शिवायचा, माझा.

ट्रॉली ठेवायला घरात जागा नाही, म्हणून ती माझ्या टेबलाखालीच असते. शिवण झाली की मी दोऱ्याची टोकं कापतो, ती खाली पडतात, आणि सकाळी शालिनी ट्रॉली ओढते तेव्हा चाकात गुंततात. म्हणजे दर गुरुवारी तिला त्या ओट्यावर मीच पाठवत होतो.

दुसऱ्या दिवशी ट्रॉली आवाज न करता बाहेर पडली. मी गॅलरीत जाऊन बसलो. तासाभराने शालिनी फाटकातून आत आली. ट्रॉली तिच्या मागून अगदी सहज येत होती. शालिनी जिन्यापाशी आली, जिना सोडून डावीकडे वळली, आणि ओट्यावर जाऊन बसली.

मी कठडा धरून उभा राहिलो.

"आज अडलं नाही?" जयसिंगरावांनी विचारलं.

"ह्यांनी साफ केलं काल. मला बोलले पण नाहीत. डबा उघडला तेव्हा कळलं, झेंडू सुक्यात टाकला होता."

"सरांनी? अरे भिया, कमाल झाली! मग आमची तर नोकरी गेली."

"नोकरी गेली, चहा नाही गेला. ठेवा आधण."

चाकाचा काही संबंधच नव्हता तर. मी आत जायला वळलो, तेवढ्यात खालून हाक आली.

"सर, जरा खाली या ना! तुमचं सामान पडलंय माझ्याकडे."

नाही म्हणायला शब्द लागतात. ते वेळेवर सापडले नाहीत, म्हणून मी खाली उतरलो. हातात पुस्तक तसंच होतं. जयसिंगरावांनी खिडकीतून एक लाल गुंडाळी काढून माझ्यासमोर धरली.

"दर हप्त्याला निघायचा. मजबूत माल आहे, फेकवला नाही. थोडा टमाट्याच्या रोपाला बांधला, चालतं ना?" मग मिशीत हसून म्हणाले, "तुम्ही तर बाजारात कधी जात नाही, सर. पण तुमचा दोरा बराबर जातो शालिनीजींच्या मागे."

या चेष्टेवर शालिनी हसली नाही. कपात बघत राहिली. त्यांच्या प्रत्येक गोष्टीवर हसणारी ती याच गोष्टीवर गप्प बसली. वर जाताना, वर गेल्यावर आणि पुढे आठवडाभर तिचं ते गप्प बसणं माझ्या मागे होतं.

पुढच्या गुरुवारी तिच्या आधी मी ट्रॉलीचा दांडा धरला.

"तुम्ही?" ती म्हणाली. "आणि पुस्तक?"

"राहू दे."

बाजारात माझा काही उपयोग झाला नाही. मी निवडलेली वांगी तिने मला न दाखवता परत ठेवली, पण मी पाहिलं. येताना मात्र ती बोलत होती. रस्ताभर, सगळं, कुणाच्या सुनेपासून आल्याच्या भावापर्यंत. मी हूं हूं करत होतो आणि ट्रॉली ओढत होतो.

फाटकातून आत आलो आणि चाक अडलं. जुडीची सुतळी असणार. ओट्यावरून जयसिंगराव लगेच उठले, पकड हातात.

"द्या सर, दोन मिनिटांचं काम आहे."

"राहू द्या," मी म्हणालो. आवाज जरा मोठाच निघाला. सदऱ्याच्या खिशातून मी दाभण काढलं आणि गुडघे टेकून बसलो. गुडघे कडकड वाजले.

मागे शालिनी हसली. मोठ्याने, गॅलरीत ऐकू यायची तशी. कोणाकडे बघून, ते मी खाली वाकलेलो असल्यामुळे मला दिसलं नाही.